कोड कशात लिहायचा? लोणंदहून एका जुन्या वादाचा आढावा

लोणंद म्हटले की बाहेरच्या माणसाला कांद्याचा बाजार आठवतो, नाहीतर निरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आलेल्या माउलींच्या पालखीचा मुक्काम. पुणे–मिरज लोहमार्गावरून फलटणचा फाटा निघतो तोही इथूनच. वेबसाइट बनवण्याच्या धंद्याशी या गावाचे नाव कोणी जोडत नाही. पण आडतीच्या दुकानाचे पान, मंगल कार्यालयाचे बुकिंग, क्लासचे वेळापत्रक अशी छोटी कामे खंडाळा–फलटण पट्ट्यातही निघतात आणि ती करायला शिकणारी मुले इथेच असतात. कोणी शिवाजी विद्यापीठाच्या बीसीएला असते, कोणी कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत, कोणी नुसत्या मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकते. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : सर, कोड कशात लिहू?

ज्याला विचारावे तो आपापला एडिटर सांगतो, आणि सांगताना तो एकच बरोबर आहे अशा थाटात सांगतो. या वादाला आता पन्नास वर्षे होत आली. तो कुठून आला, आज कुठे उभा आहे आणि देवनागरी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काय वेगळे आहे, ते क्रमाने पाहू.

मागचा रस्ता

१९७६ साली बर्कलेच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याच वर्षी एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि सहकाऱ्यांच्या हातून ईमॅक्स आकाराला आला. जॉय ज्या टेलिफोन लाइनवरून काम करत ती ३०० बॉडची होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे. पडदा पुन्हा रंगवायला वेळ लागे, म्हणून व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या झाल्या. कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरे आली, कारण त्यांच्या टर्मिनलवर बाणांच्या खुणा त्याच कळांवर छापलेल्या होत्या. आज ज्याला चाहते शैली म्हणतात, त्यातला बराच भाग त्या काळची गरज होती. व्हीआयचा वारस विम ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते तो सांभाळत राहिले.

आपल्याकडे वेब आले तेव्हा या दोघांचा फारसा संबंध नव्हता. विंडोजवर नोटपॅड होते आणि त्याच्या वरच्या पायरीवर फ्रंटपेज नाहीतर ड्रीमविव्हर. १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाने आणलेला ड्रीमविव्हर चित्रासारखे पान मांडू देई आणि मागचा एचटीएमएल आपोआप तयार होई. कॉलेजच्या लॅबमध्ये सी शिकवायला निळ्या पडद्याचा टर्बो सी, वेब शिकवायला नोटपॅड, आणि धंदा करणाऱ्याकडे कुठून तरी मिळवलेला ड्रीमविव्हर, अशी विभागणी बरीच वर्षे टिकली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्याच्या गावांत उघडली, तेव्हा हजारो घरांतला पहिला माणूस माउस धरायला शिकला. तिथे टायपिंग, एक्सेल, इंटरनेट होते. कोड एडिटर ही वस्तू पुढे शिकायची होती.

२००३ मध्ये डॉन हो यांचा नोटपॅड++ आला. फुकट, हलका, कोडला रंग देणारा. २००८ मध्ये जॉन स्किनर यांचा सब्लाइम टेक्स्ट आला आणि वेग हा चर्चेचा विषय झाला. मग अडोबीचा ब्रॅकेट्स आणि २०१४ मध्ये गिटहबचा ॲटम आला. हे दोन्ही वेबच्याच तंत्राने बनलेले, म्हणजे एडिटर हाच एक ब्राउझर. याच पायावर मायक्रोसॉफ्टने २९ एप्रिल २०१५ ला व्हिज्युअल स्टुडिओ कोड जाहीर केला. त्यामागच्या चमूचे नेतृत्व एरिक गामा यांच्याकडे होते. त्याच वर्षी त्याचा स्रोत खुला झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली.

त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. अडोबीने १ सप्टेंबर २०२१ ला ब्रॅकेट्सचा आधार काढला. २०१८ मध्ये गिटहब मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली होती, म्हणजे ॲटम आणि व्हीएस कोड एकाच घरात आले होते. १५ डिसेंबर २०२२ ला ॲटम बंद करण्यात आला. २०२४ च्या स्टॅक ओव्हरफ्लो पाहणीत सुमारे ७४ टक्के उत्तरदात्यांनी व्हीएस कोड वापरत असल्याचे सांगितले. नोटपॅड++ आणि विम दोन्ही वीस टक्क्यांच्या वर होते, म्हणजे जुने सगळे पुसले गेले असे नाही. एक जण दोन-तीन एडिटर वापरतो, हेही त्या आकड्यांतून दिसते.

आजच्या बाजू

पहिली बाजू बहुमताची. व्हीएस कोडच घ्या, कारण सगळे तेच घेतात. हे वाटते तितके बावळट कारण नाही. अडचण आली की मदत त्याच पडद्याची मिळते, शिकवणाऱ्या व्हिडिओत तोच दिसतो, पुण्यातल्या कंपनीत रुजू झाल्यावर शेजारच्या टेबलावरही तोच असतो. एमेट त्यात मुळातच आहे, त्यामुळे चार खुणा टाइप करून पाच कलमांची यादी उभी राहते. रित्विक डे या भारतीय प्रोग्रामरचे लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन टाकले की फाईल सेव्ह होताच ब्राउझरमधले पान बदलते. नवशिक्याला हा झटपट दिसणारा बदल फार मोलाचा असतो.

दुसरी बाजू यंत्राकडे बोट दाखवते. व्हीएस कोडच्या पोटात अख्खा ब्राउझर आहे. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर तो, क्रोमचे दहा टॅब आणि लोकल सर्व्हर एकत्र उघडले की लॅपटॉप हँग होणारच. शिवाय त्याने जुनी यंत्रे मागे सोडली. विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती २०२२ मधली १.७० मालिकेतली, आणि ३२-बिट विंडोजसाठीही तो आता येत नाही. ज्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे तिथे "सगळे तेच वापरतात" या वाक्याला अर्थ उरत नाही. नोटपॅड++ ची ३२-बिट आवृत्ती आजही मिळते आणि तिचा आकार काही एमबी आहे, व्हीएस कोडची डाउनलोड फाईल शंभर एमबीच्या आसपास. सब्लाइम वेगवान आहे, पण परवाना ९९ डॉलरचा. तो न घेताही वापरता येतो, मात्र अधूनमधून विकत घ्या म्हणून आठवण करून देतो. नव्यांपैकी झेड हा एडिटर वेगाचाच दावा घेऊन आला. तो ॲटमच्याच जुन्या मंडळींनी रस्ट भाषेत लिहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचा स्रोत खुला केला.

तिसरी बाजू विम-ईमॅक्सवाल्यांची. हात कळफलकावरून उचलायचा नाही, आणि एकदा शिकलेले आयुष्यभर पुरते, हा त्यांचा मुद्दा. त्याला जोड म्हणून एक व्यावहारिक गोष्ट आहे : भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर काही बिघडले की तिथे बहुधा व्हीआय किंवा नॅनोच असतो. फोनच्या हॉटस्पॉटवरून, रेंज येते-जाते अशा ठिकाणी बसून सर्व्हरवरची एक ओळ दुरुस्त करायची असेल, तर ३०० बॉडच्या लाइनसाठी बनलेला एडिटर आजही कामाला येतो. या बाजूचे म्हणणे मला पहिल्या एडिटरसाठी पटत नाही, दुसऱ्यासाठी पूर्ण पटते.

चौथी बाजू सगळे सामान एकत्र देणाऱ्यांची. जेटब्रेन्सचा वेबस्टॉर्म २०१० पासून आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून अव्यावसायिक वापरासाठी मोफत. मोठ्या प्रकल्पात नाव बदलणे, चुकीच्या आयात शोधणे ही कामे तो नीट करतो. जड यंत्र हवे, हा आक्षेप त्यालाही आहेच.

आणि पाचवी, जी शहरातल्या चर्चेत ऐकू येत नाही : ज्याच्याकडे लॅपटॉपच नाही त्याची. अँड्रॉइडवर एकोड, स्पकसारखे एडिटर आहेत; कळफलक ओटीजी वायरने जोडता येतो. अशा मुलाला व्हीएस कोड की सब्लाइम हे विचारणेच चुकीचे.

या सगळ्या बाजूंमधले अंतर एका घटनेने कमी केले. २०१६ पर्यंत प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी जुळणी करावी लागे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएनव्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल पुढे आणला. भाषेची जाण असलेला कार्यक्रम वेगळा आणि एडिटर वेगळा, दोघांनी ठरलेल्या पद्धतीने बोलायचे. त्यामुळे जावास्क्रिप्टच्या चुका दाखवणारे एकच साधन व्हीएस कोडमध्ये चालते, निओविममध्येही आणि झेडमध्येही. "त्यात सूचना येत नाहीत" हा जुना आक्षेप त्यामुळे बराच बोथट झाला आहे.

देवनागरीचे त्रांगडे

इंग्रजीतल्या सगळ्या तुलनांतून एक रकाना गायब असतो. लोणंदच्या दुकानदाराला पान मराठीत हवे असते. मग एडिटर देवनागरीशी कसा वागतो, हे पाहावेच लागते.

जुन्या काळी प्रश्न फाँटचा होता. श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा फाँटांत मराठी दिसे, पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ असे. फाँट नसलेल्या यंत्रावर पान म्हणजे गूढलिपी. युनिकोडने तो प्रश्न सोडवला, पण विंडोजच्या नोटपॅडने सवय बिघडवून ठेवली. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० सुधारणेपर्यंत त्याची मूळ निवड एएनएसआय होती. मराठी मजकूर तसाच सेव्ह केला, इशाऱ्याच्या खिडकीत ओके दाबले, की दुसऱ्या दिवशी फाईलमध्ये नुसती प्रश्नचिन्हे. गेलेली अक्षरे परत येत नसत. व्हीएस कोड, सब्लाइम, ॲटम हे मुळातच यूटीएफ-८ धरून चालत, आणि माझ्या मते मराठी वेबसाठी त्यांचे हेच मोठे देणे.

दुसरा प्रश्न कळफलकाचा. इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणी टायपिंगला उत्तम आहे, पण कोड लिहिताना ती आडवी येते. मराठी चालू असताना चौकटी कंसाच्या कळेवर ड येतो, शिफ्टसह ढ. अर्धविरामाच्या कळेवर च. आणि एचटीएमएल ज्या कोनाने सुरू होते त्या कळेवर ष. म्हणजे एका परिच्छेदाच्या टॅगमध्ये एक मराठी शब्द घालायचा तर दोनदा भाषा बदलायची. विमवाल्याची पंचाईत अधिक. मराठी चालू ठेवून आज्ञा देऊ लागला तर एच, जे, के, एल यांच्या जागी प, र, क, त उमटतात आणि विमला त्यातले काही कळत नाही. यासाठी विममध्ये कीमॅपची सोय आहे, ती लिहिण्यापुरतीच भाषा बदलते. ईमॅक्समध्ये देवनागरी टंकनाच्या पद्धती आतच दिलेल्या आहेत. म्हणजे ज्यांना आपण जुनाट म्हणतो त्यांनीच हा प्रश्न आधी हाताळला. मात्र विम टर्मिनलमध्ये चालतो आणि टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचे घर देते. आपली जोडाक्षरे त्या घरात मावत नाहीत, मात्रा सरकतात, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. ब्राउझरच्या पायावर उभे असलेले एडिटर इथे सरस ठरतात, कारण अक्षर जुळवण्याचे काम ब्राउझर चांगले करतो.

तिसरा प्रश्न दिसत नाही म्हणून जास्त त्रासदायक. क्षि हे डोळ्याला एक अक्षर, पण आत क, हलंत, ष आणि वेलांटी असे चार संकेत, यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारा, ती चार सांगेल. अर्जात नावाला वीस अक्षरांची मर्यादा घालणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे. अर्ध्या र चे आणखी वेगळे. "दुसऱ्या" मधला तो र दोन प्रकारे टाइप होतो : एकदा ऱ वापरून, एकदा साध्या र ला हलंत आणि मग न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण एडिटरच्या साध्या शोधात एक टाकले तर दुसरे सापडत नाही. २०२१ च्या अखेरीस ट्रोजन सोर्स नावाचा धोका उघड झाल्यावर व्हीएस कोडने अदृश्य संकेतांना चौकट घालून दाखवायला सुरुवात केली. ती सोय सुरक्षेसाठी आली, मराठी लिहिणाऱ्याला मात्र दोन प्रकारचे र ओळखायलाही उपयोगी पडू शकते.

राहिला एडिटरचा चेहरा. नोटपॅड++ चे मेनू मराठीत करता येतात, स्वयंसेवकांनी ते भाषांतर केले आहे. व्हीएस कोडच्या अधिकृत भाषा-पॅकांत मराठी नाही. त्याने फार अडते असे नाही, कारण वर्गात सगळे "फाईल", "सेव्ह", "फोल्डर ओपन कर" असेच म्हणतात. फाँटचे मात्र अडते. कोडसाठी सारख्या रुंदीचा फाँट लागतो आणि त्यात देवनागरी बहुधा नसते. एडिटर मग मिळेल तो फाँट उचलतो. सेटिंगमध्ये कोडच्या फाँटनंतर स्वल्पविराम देऊन मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, किंवा रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला लोहित देवनागरी लिहिला, की ओळी वाचनीय होतात.

मालकी कोणाची

व्हीएस कोडचा स्रोत एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या पानावरून उतरवतो ती तयार प्रत वेगळ्या परवान्याची असते आणि वापराची माहिती पाठवते. ते नको असलेल्यांनी व्हीएसकोडियम ही प्रत काढली. एक्स्टेन्शनचा अधिकृत बाजार मात्र नियमाने मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांसाठी आहे. बाकीच्यांना एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्सवर जावे लागते. एकाच कंपनीवर इतके अवलंबणे धोक्याचे, असे एक बाजू म्हणते आणि ॲटमचे उदाहरण देते. फुकट मिळणाऱ्या, दर महिन्याला सुधारणाऱ्या वस्तूबद्दल तक्रार कसली, असे दुसरी म्हणते. शिकणाऱ्याच्या रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. संस्थेने वीस यंत्रांवर काय टाकायचे हे ठरवताना तो विचारात घ्यावा.

सहायकाचा नवा वाद

२०२१ मध्ये गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय सहायकाची चाचणी सुरू झाली आणि चर्चेचा रोख बदलला. पुढे व्हीएस कोडचाच साचा घेऊन कर्सर, विंडसर्फ असे एडिटर निघाले, ज्यांत कोड लिहिणे हे यंत्राला सांगण्याचे काम बनले. डिसेंबर २०२४ पासून कोपायलटचा मर्यादित वापर मोफत झाला, म्हणजे लोणंदच्या विद्यार्थ्यापर्यंतही तो पोचला.

समर्थक म्हणतात, ज्याला विचारायला जवळ कोणी नाही त्याला रात्री अकरालाही चूक समजावून देणारा मिळाला. प्रश्न मराठीत विचारला तरी चालते. विरोधक म्हणतात, चूक स्वतः शोधण्यातच शिकणे असते आणि ते निघून जाते. नोकरीच्या मुलाखतीत सहायक बंद असला की बोटे थांबतात, अशी शिक्षकांची भीती आहे.

पुरावा अजून तुटपुंजा आहे. जुलै २०२५ मध्ये एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहायक वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि आपण सुमारे २० टक्के जास्त वेगाने काम केले असा त्यांचा समज होता. पण ही मंडळी स्वतःच्या ओळखीच्या, मोठ्या प्रकल्पांवर काम करत होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. उलट बाजूने "नवशिक्याला फायदाच होतो" असेही त्यातून म्हणता येत नाही.

काय उलगडायचे राहिले

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी एडिटरच्या निवडीमुळे पुढे किंवा मागे पडतो का, याचे उत्तर कोणत्याच पाहणीत मिळत नाही. तिथली उत्तरे आधीच कामाला लागलेल्यांची असतात. भाडेतत्त्वावर मिळणारे सहायक महाग झाले तर त्यावर शिकलेल्यांचे काय, हेही उघडे आहे. ब्राउझरमध्येच चालणारे एडिटर जुन्या यंत्रांचा प्रश्न सोडवतात, पण वीज आणि नेट गेले की ते जातात. लॅबसाठी हा मुद्दा छोटा नाही. आणि जोडाक्षर नीट हाताळणारे टर्मिनल हा प्रश्न तर बहुतेकांच्या यादीतही नाही, कारण तो सोडवणाऱ्यांपैकी फार थोडे लोक देवनागरीत कोडच्या टिपा लिहितात.

सध्यापुरता निवाडा

आठ जीबी रॅमचे यंत्र असेल तर व्हीएस कोडने सुरुवात करावी. त्याच्या बाजूचे युक्तिवाद भक्कम आहेत आणि विरोधातले शिकणाऱ्याला फारसे लागू होत नाहीत. यंत्र जुने असेल तर नोटपॅड++ आणि ब्राउझर पुरेसे आहेत, त्यात कमीपणा नाही. एक्स्टेन्शने मोजकी ठेवावीत. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा पाया होईपर्यंत सहायकाला फक्त चूक समजावण्यापुरते ठेवावे, लिहायला लावू नये. सर्व्हरवर काम करायची वेळ येण्याआधी विममध्ये फाईल उघडणे, बदलणे, सेव्ह करून बाहेर पडणे एवढे हाताला लागलेले असावे. आणि एडिटर कोणताही असो, मराठी मजकूर घालण्याआधी खिडकीच्या खालच्या पट्टीत यूटीएफ-८ लिहिलेले आहे ना, ते एकदा बघून घ्या.